फुंकाबाई

छातीच्या दवाखान्यात, व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या छोट्या खोलीतल्या नर्सबाईंचं खरं नाव आता फक्त हजेरीपुस्तकालाच ठाऊक असावं. बाकी सगळे त्यांना फुंकाबाई म्हणतात. ते नाव ठेवलं एका ट्रम्पेटवाल्याने. "लोक नर्सला नावं ठेवतात," बाई म्हणतात, "याने एकच ठेवलं, तेवढंच समाधान."

ट्रम्पेटवाला पन्नाशीचा, रोज वीस सिगारेटींचा. त्याच्या बँडचा प्रत्येक कार्यक्रम त्याच्या एका लांबलचक सुराने सुरू व्हायचा. तो सूर आता बाराव्या सेकंदालाच तुटायचा. बँडमास्तरांनी बजावलं होतं, "दीड महिन्यानं ऐकतो. वीस सेकंद टिकला तर ठीक, नाहीतर मुख्य ट्रम्पेटवाल्याची पहिली खुर्ची दुसऱ्याला." ती खुर्ची गेली की आपण संपलो, असंच त्याला वाटत होतं. डॉक्टरांनी दोन मिनिटांत "सिगारेट सोडा" सांगून त्याला बाईंकडे धाडलं.

बाई पाठमोऱ्या होऊन कपाटातून श्वासातला धूर मोजायचं यंत्र काढत होत्या. "बसा. मोठा श्वास घ्या, आणि मी सांगितलं की फुंका."

वळून बघतात तर पठ्ठ्याच्या ओठांत सिगारेट!

"अहो, हे काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, फुंका!"

दुसऱ्या कुणी त्याला फैलावर घेतलं असतं. बाई पोट धरधरून हसल्या. मग यंत्रात फुंकायला लावलं, आकडा आला अठ्ठावीस; न ओढणाऱ्याचा पाचाच्या आत असतो. बाईंनी ना डोळे वटारले, ना काळ्या फुप्फुसांची चित्रं दाखवली. एवढंच विचारलं, "दिवसातली पहिली कधी ओढता?"

"डोळे उघडायच्या आत."

"मग नुसत्या निश्चयावर नाही भागायचं. डॉक्टरांकडून दंडावर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या लिहून घेऊ. सोडायचा दिवस मात्र तुम्ही ठरवा."

त्याने सोमवार ठरवला. बुधवारी बाईंचा फोन गेला, कारण त्यांच्या मते तिसरा दिवस सगळ्यांत खाष्ट. दर गुरुवारी तो यायचा, फुंकायचा, आकडा उतरलेला पाहून मिशीत हसायचा.

चौथ्या गुरुवारी स्वारी आलीच नाही. बाईंनी फोन लावला. बायकोने उचलला.

"ते... बाथरूममध्ये आहेत."

"मग तिथेच द्या फोन. लाजायचं काय त्यात, मी नर्स आहे."

थोडी कुजबुज झाली आणि पडेल आवाज आला, "बाई, घात झाला. काल दोन ओढल्या."

"दोन? आणि उरलेल्या अठरा?"

"त्या नाही ओढल्या."

"मग रडताय कशाला? पट्टी काढू नका आणि उद्या या."

तो आला.

मास्तर ऐकणार होते त्या दिवशी सकाळी तो ट्रम्पेट घेऊनच खोलीत शिरला. यंत्रात आकडा आला दोन. "मास्तरांच्या आधी तुम्हाला ऐकवायचंय," तो म्हणाला.

भिंतीवर पाटी होती, 'शांतता राखा'. बाईंनी पाटीकडे पाहिलं, दार लोटलं, छातीवरचं घड्याळ हातात धरलं आणि म्हणाल्या, "फुंका."

दहा. बारा. सूर तुटला नाही. पंधरा. बाईंनी स्वतःचाच श्वास रोखून धरला होता. अठरा. वीस. बावीस.

दार धाडकन उघडून डॉक्टर ओरडले, "कोण फुंकतंय इथे?"

"माझा पेशंट!" बाई म्हणाल्या, आणि डोळे पुसायला रुमाल शोधू लागल्या.