राक्षसांचे बोंबील

ते पुस्तक मी पूर्ण वाचलं आणि मला त्याची किळस आली. जगभर गाजलेली अद्भुत साहसकथा आहे, शंभरेक वर्षं लोक ती वाचताहेत, हे सगळं मला सांगून झालं आहे. तरीही.

मी अंगणवाडी सेविका आहे. पर्यवेक्षिका व्हायचं तर पदवी लागते, म्हणून चाळिशी उलटल्यावर बाहेरून बी. ए.ला बसले. शेवटच्या वर्षी एकच विषय राहिला होता, एकदा गेलेला. त्यात वीस गुणांचं लेखन होतं: या कादंबरीला तुमचा वैयक्तिक प्रतिसाद. पुन्हा गेला असता तर वर्ष जाणार होतं, आणि बढतीसाठी माझ्या वयाचं ते शेवटचं वर्ष होतं. त्यामुळे मी शहाण्यासारखं केलं. गाईड आणलं आणि त्यातला वैयक्तिक प्रतिसाद सुवाच्य अक्षरात उतरवला. चार पानं झाली.

पुस्तक वाचायची वेळ आली ती सरांमुळे. बाहेरून बसणाऱ्यांसाठी ते रविवारी वर्ग घेत; तिथे प्रत्येकाला आपलं लेखन वाचून दाखवायचं होतं आणि वर प्रश्नही विचारणार होते. तेव्हा ग्रंथालयातून मराठी भाषांतर आणलं आणि वलांडीपाशी बसून वाचलं. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांवर दोऱ्या ताणतात, बोंबील सुकवायला. अंगणवाडी सुटली की दुपारची राखण माझ्याकडे असते. एका हातात काठी, कावळ्यांसाठी. दुसऱ्या हातात पुस्तक.

पहिली शंभर पानं नुसता वैताग. पाच पुरुष कुठलासा मुकुट शोधायला निघतात आणि महिनोन्महिने चालतात. कुणी कपडे धूत नाही, कुणाला जुलाब होत नाहीत, भाकरी थापणारं माणूस तर कुठेच नाही. गाणी मात्र भरपूर. पुढे ते खाडीकाठच्या चिखलात पोचतात. तिथे राक्षस राहतात. आधी दिसत नाहीत, वासावरून कळतात: माशाचा वास. वीर नाकाला फडकी बांधतात. मग त्यांना दोऱ्या दिसतात, आणि दोऱ्यांवर मासे, दोन-दोन, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून टांगलेले. वीरांचा म्होरक्या शहारतो आणि म्हणतो, मेलेल्यांनाही एकमेकांना चावायला लावणारी ही जात जगायच्या लायकीची नाही.

मी मान वर करून पाहिलं. माझ्यासमोर चार ओळी बोंबील, दोन-दोन, जबड्यात जबडा. असेच टांगतात. दोरीवरून घसरत नाहीत आणि दोन्ही बाजूंनी वारा लागतो. त्यात क्रौर्य कसलं?

सासूबाई पाटीतले ओले बोंबील टांगत होत्या. त्यांना वाचता येत नाही. "काय लिवलंय गो एवढं, तोंड कडू केलंस तं?"

मी सांगितलं.

"राकसांना बोंबील टांगाया येतं?"

"येतं म्हणे."

"मंग राकसीन कामाची हाय. हिकडं धाड म्हनावं, आपल्याकडं हाताखाली मानूस मिलत न्हाय."

मीही हसले. मग पुढची पानं त्यांना वाचून दाखवली. वीर ती वस्ती जाळतात. पिल्लांसकट. तेवढ्याला एक वाक्य आहे, त्यातही विनोद केलाय. आणि दुसऱ्या दिवशी भूक लागते तेव्हा तेच वीर त्याच दोऱ्यांवरचे मासे काढून निखाऱ्यावर भाजून खातात. चव फार छान लागते. पुढच्या प्रवासासाठी पिशव्या भरून घेतात.

सासूबाईंचे हात थांबले. "वास येतो म्हनून मारलं, आनि मंग खाल्लं?"

"हो, आई."

त्या वाळूत थुंकल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

मासा असा सुकायला तीन-चार दिवस जातात. रोज कुणीतरी पहाटे उठून टांगतं, कुत्री हाकलतं, ढग आले की धावत येऊन झाकतं. म्हणजे त्या वस्तीत कामाला वाघ असलेल्या बायका होत्या. लेखकाने त्यांचं काम बारकाईने लिहिलं आणि बाई एकही लिहिली नाही. असे वीर आमच्याकडे दर शनिवारी येतात. मांडव्याला बोटीतून उतरतात, आमच्या वाडीजवळ गाडीच्या काचा वर करतात आणि दुपारी खानावळीत बोंबिलाचं कालवण दोनदा मागून घेतात.

रविवारी वर्गात एका मुलीने वाचलं, "राक्षसांच्या वस्तीचे किळसवाणे वर्णन लेखकाच्या प्रतिभेची साक्ष देते." तिच्या मागच्या मुलाने तेच वाचलं. तिसरीनेही. आमचं गाईड एकच होतं. माझ्या वहीत दुसऱ्या पानावर तेच वाक्य होतं, माझ्या अक्षरात, खाली पट्टीने रेघ मारलेली. पुस्तकाची किळस आली होती त्याहून जास्त मला त्या रेघेची आली.

"ताई, तुम्ही वाचा," सर म्हणाले.

मी वही मिटली आणि वर लिहिलं आहे ते सगळं तोंडी सांगितलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणूनच आज वास येतोय." पोरं खिदळली.

"येतोय ना?" मी म्हटलं. "डब्यात चटणी आहे सुक्या बोंबलाची. मधल्या सुट्टीत मागायला येऊ नकोस."

सर हसले नाहीत. "ताई, ही कल्पित कथा आहे."

"माहीत आहे, सर. मासे खरे आहेत."

त्यांनी मला बाजूला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "गुण गाईडच्या मुद्द्यांना असतात. तुमचा एकच विषय राहिलाय. ती वही द्या, मी हे ऐकलंच नाही."

वही हातातच होती. वर्ष डोळ्यांसमोर होतं, पर्यवेक्षिकेचा अर्जही. मी ती चार पानं फाडली आणि त्यांच्याकडून कोरे कागद मागितले. व्हरांड्यात बसून अर्ध्या तासात लिहून दिलं. शुद्धलेखनाच्या चुका असतील.

वीसपैकी आठ मिळाले. पास व्हायला आठच लागतात. कडेला लाल शाईत शेरा होता: मूळ मुद्दा सोडला आहे.

पुस्तक परत द्यायला गेले तेव्हा ग्रंथालयातल्या बाईंनी ते नाकाशी नेलं आणि दोन बोटांत धरून लांब ठेवलं.

"उन्हात ठेवा," मी म्हटलं. "पानं उघडी करून. मधूनमधून उलटायची. दोन दिवसांत जातो."