ती लेन्स तर पिरंगुटला होती

आधीच सांगतो, या ग्रुपवर मी आजवर फक्त दुसऱ्यांच्या पोस्टखाली शंका काढायला आलोय. फोटोत 'काहीतरी आलंय' असं कुणी लिहिलं की माझं उत्तर तयार – लेन्सवर धूळ आहे, फ्लॅशसमोर चिलट आलंय, कॅमेऱ्याचा पट्टा मध्ये आलाय. बावीस वर्षं लग्नं, साखरपुडे, बारशी काढतोय. कॅमेऱ्यातून असलं काही दिसत असतं तर मला आधी दिसलं असतं. आता माझीच पोस्ट आलीये... हसायचं तर हसा, भांडायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

राहतो नेऱ्याला, फ्लॅटमध्ये. मूळ गाव माले, पौडच्या पुढे. तिथे आई एकटीच असायची, भाताची चार खाचरं सांभाळत. माझ्याकडे यायला तयार नव्हती. "तुज्या त्या डब्यात मला झोप येत न्हाई," म्हणायची.

मागच्या वर्षी माझा खांदा आणि कंबर दोघांनी एकदमच संप केला. डॉक्टर म्हणाले, ओझं कमी करा. म्हणजे बॅगेत एकच लेन्स. पण कुठली? माझ्याकडे होती चोवीस-सत्तर. ही जवळची लेन्स. हिने फोटो काढायचा तर माणसाजवळ जावं लागतं, वाकावं, उकिडवं बसावं लागतं, "काका, जरा हसा की" करावं लागतं. पिरंगुटचा दिलीप, माझा मित्र आणि धंदेबंधू, त्याच्याकडे सत्तर-दोनशे. ही लांबची. वजनाला जास्त, पण एका पायाच्या स्टँडवर टेकवून मांडवाच्या टोकाला उभं राहायचं आणि स्टेजवरच्या नवरीच्या डोळ्यातलं पाणी टिपायचं. कुणाशी बोलायला नको. खरं सांगू? मला माणसांचाच कंटाळा आला होता. दिलीपला म्हटलं, चार दिवस अदलाबदल करू, कुठली ठेवायची ते सोमवारी सांगतो. तो माझी घेऊन गेला, मी त्याची.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट. गावात कुणी गेलं की तासाभरात मला फोन येतो – "दादा, आमच्या नानांचा एखादा फोटो हाय का?" दशक्रियेच्या फ्लेक्ससाठी. मग मी कुणाच्यातरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून, मागच्या रांगेतून नानांचं डोकं कापून काढतो. माझ्या वडिलांचंही तसंच झालं. फोटोवाल्याचा बाप, आणि फोटो शेजारच्याच्या हळदीतून कापलेला. त्यांच्या खांद्यावर कुणा परक्याची चार बोटं राहिली आहेत, आजही भिंतीवर दिसतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आईचं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. पण बाई फोटो काढू देईल तर शपथ. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. तिची एकच अट असायची – "आदी बस. दोन घास खा. मग काड तुजा फोटू." आणि मला कायम घाई. "पुढच्या वेळी बसतो आये, आज पार्टी वाट बघतीय." अशा पुढच्या वेळा किती गेल्या, कोण जाणे.

म्हणून त्या रविवारी माझ्या डोक्यात आलं की लांबच्या लेन्सने तिला नकळत टिपावं. बसायला नको, जेवायला नको, काम होऊन जाईल.

भाताची झोडणी संपली होती. दुपारी पाऊणच्या सुमारास मी रस्त्यावरच्या मोरीपाशी गाडी लावली. मधे ओढा, पलीकडे आमचं खाचर. पेंढ्याच्या ढिगाजवळ बांधावर आई बसलेली, समोर भाकरीचं फडकं सोडलेलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा मोठ्या काचांचा चष्मा डोळ्यांवर. मी फोटो काढत गेलो. पाठ, पदर, पुन्हा पाठ. एकदा तिने रस्त्याकडे मान वळवली आणि कपाळावर हात आडवा धरला, नेमका चेहरा झाकला गेला. ओढा ओलांडायला दोन मिनिटं लागली असती. पण गेलो की ती बसवणार, आणि चार वाजता माझं हिंजवडीत एका बाळाचं शूट होतं. मी घड्याळ बघितलं आणि गाडीला किक मारली. नेऱ्यापर्यंत उपाशीच आलो.

संध्याकाळी आईचा फोन.

"पोचलास का रं? आज लई बरं वाटलं बग. किती दिसांनी हितं बसून जेवलास."

"आये, मी कुठं आलो होतो?"

"आता गं बया! मी काय आंदळी हाय व्हय? निळा शरट घातला व्हतास. दोन भाकरी खाल्ल्यास, वर म्हनलास, ठेचा झ्याक झालाय."

शर्ट निळाच होता. रस्त्यावरून ओळखलं असेल आणि बाकीचं वयामुळे बोलतेय, असं मी धरून चाललो. मग फोटो कॉम्प्युटरवर घेतले. एकूण एक्केचाळीस. त्यातला सत्ताविसावा... आई अगदी समोर, हातभर अंतरावर. पदर मागे सरकलेला, तोंडभर हसू, नजर थेट कॅमेऱ्यात. आधीच्या आणि नंतरच्या फोटोत नुसती पाठ.

कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत वेळ आणि लेन्स आपोआप नोंदवतो. बाकी चाळीस फोटोंवर सत्तर-दोनशे. या एकावर चोवीस-सत्तर. आणि ती त्या वेळी पिरंगुटला एका बारशात दिलीपच्या कॅमेऱ्याला लावलेली होती. त्याने मला त्या वेळचे फोटो दाखवले, पाळणा, कुंची, सगळं. मेमरी कार्ड तोवर माझ्या कॅमेऱ्यातून बाहेर निघालंच नव्हतं. दिलीप म्हणाला, "सॉफ्टवेअरची गडबड असेल रे." असेल. पण सॉफ्टवेअर लेन्सचं नाव चुकवेल, माझ्या आईला हसवेल का?

सोमवारी त्याची लेन्स परत केली. दर रविवारी आईकडे जाऊन बसायचं ठरवलं. तीनदा गेलो. मग लग्नसराई लागली...

होळीच्या आधी आई गेली. भावकीतल्या एकाचा फोन आला, "दादा, फ्लेक्सला काकूंचा फोटू?" म्हटलं, आहे. कुणाच्या मागच्या रांगेतून कापावा लागला नाही.

फ्लेक्ससाठी तो मोठा करताना तिच्या चष्म्याच्या काचेत काहीतरी दिसलं. आधी ढग वाटले. सवयीने आणखी मोठं केलं. बांधावर उकिडवा बसलेला निळ्या शर्टातला माणूस. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातातला घास तोंडाकडे निघालेला. कॅमेरा नाही. मागे ओढ्यापलीकडच्या रस्त्यावरही कुणी नाही.

दिलीपला दाखवलं, बायकोला दाखवलं. फोटो कुणी काढला, मला आजही सांगता येत नाही. धूळ नाही, चिलट नाही, पट्टाही नाही. फोटो बघून लोक म्हणतात, काय सुंदर टिपलंय आईला. मी मान हलवतो. ती ज्याच्याकडे बघून हसतेय तो तिच्याजवळ जेवायला बसला होता. मी रस्त्यावर उभा होतो.