म्हाताऱ्यांच्या खोलीचं पांढरं छत

शहापुरातल्या आमच्या घरात दोन खोल्या होत्या. मागची स्वयंपाकाची, पुढची हातमागाची. मागाची म्हणजे अगदी मागाचीच. खड्डा, खुंट्या, ताणा, सगळं मिळून खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरलेली. आमचे हे सकाळी खड्ड्यात पाय सोडून बसले की धोट्याची खटखट सुरू, आणि मी दाराशी सुताच्या कांड्या भरायला. मधून कुणी ये-जा केली तर ताण्याला धक्का लागायचा. धक्का लागला की धागे तुटायचे, आणि धागे तुटले की ह्यांचं डोकं फिरायचं. म्हणून जो विणत नाही त्यानं दिवसा घरात थांबायचं नाही, असा न बोलता ठरलेला कायदाच होता. पोरं शाळेत नाहीतर गल्लीत. आणि म्हातारे म्हाताऱ्यांच्या खोलीत.

सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. डोळे अधू झाले तसा त्यांनी माग मुलाच्या हाती दिला. जन्मभर ज्या खोलीत विणलं, तिथंच त्यांना टेकायला जागा उरली नाही. मला वाईट वाटायचं, पण वाईट वाटून खोली काही मोठी होत नाही. भाकरी खाऊन अण्णा काठी घेऊन निघायचे ते दिवेलागणीला परत.

ती खोली पालिकेनं फार पूर्वी बांधलेली, देवळाच्या मागं. पाटीवर तिचं नाव चांगलं लांबलचक होतं, ते कधी कुणी घेतलं नाही. आत बाकं, एक फाटकी सतरंजी आणि खरखरणारा रेडिओ. एकानं पेपर मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी प्रत्येक बातमीला नावं ठेवायची. सगळे जुने विणकर. पालिका झाडायलासुद्धा माणूस पाठवत नसे. झाडलोट, चुना, सगळं म्हातारेच करायचे. कौलं चाळायला मात्र वर चढणार कोण? त्यांचे गुडघे गेलेले, आणि त्यांच्या मुलांना, म्हणजे आमच्या नवऱ्यांना, माग सोडून वेळ नाही. पावसाळ्यात गळतीखाली बादल्या लावून बसायचे बिचारे. कौलांखालच्या तुळईला वाळवी लागली होती. अण्णा सांगायचे, काठीचं टोक दाबलं तर आत जातंय.

ऐंशी सालाच्या आसपास आवई उठली की पालिका ती जागा घेऊन दुकानांचे गाळे काढणार. पाठोपाठ निरोप आला, इंजिनिअर खोली बघायला येतोय. म्हाताऱ्यांचं धाबं दणाणलं. खोली मोडकळीला आलेली दिसली की साहेब ती पाडायलाच सांगणार, असं त्यांनी आपल्या मनानं ठरवून टाकलं.

मग त्यांनी जे केलं ते विणकराशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. साडीत दोष राहिला तर आमच्याकडं घडी अशी घालतात की दोष आत जावा आणि वर नुसतं चांगलं अंग दिसावं. घरोघरची जुनी धोतरं गोळा झाली. अण्णा आणि त्यांचे सोबती आमच्या दारात बसून ती जोडत होते. मला कापडाला लावायची खळ शिजवायला सांगितली. मला राहवेना.

"अण्णा, मोडकं हाय ते दावा की. दावल्याबिगार दुरुस्त कोण करंल?"

"डाग वर ठिवून कुणी साडी इकतंय व्हय गं?" अण्णा म्हणाले. "तू खळ बघ, गाठी होतील."

अमावस्येला माग बंद असतात. त्या दिवशी आपापल्या मुलांना टेबलावर चढवून, ते कापड खळीत बुडवून ओलं असतानाच ताणून भिंतींना ठोकलं. कौलं चाळायला ज्यांना सवड नव्हती तेच सगळे आले, आमचे हेही. वाळल्यावर कापड हलगीसारखं ताठ झालं. फुटकी कौलं, तुळई, वाळवी, सगळं गडप. वर नुसतं पांढरंशुभ्र छत.

इंजिनिअर कन्नड बोलणारा, तरुण, बरा माणूस होता म्हणे. म्हाताऱ्यांनी त्याला चहा पाजला. त्यानं भिंतीवर टकटक केलं, वर बघितलं आणि म्हणाला, तुम्ही फार छान राखलीय, हिला काही करायची गरज नाही. त्या संध्याकाळी अण्णांनी घरी पेढे आणले.

पुढं ओळखीच्या कारकुनाकडून ह्यांना कळलं की साहेब दुरुस्तीला कुठल्या इमारती घ्यायच्या ते ठरवायला आला होता. तुळई दिसली असती तर बदलून मिळाली असती. ह्यांनी अण्णांना ते सांगितलं. मी म्हटलं, अजून काय बिघडलंय, जाऊन खरं सांगा. अण्णा काठी घेऊन उठले.

"काय सांगू? आमीच झाकलं म्हणून?"

कुणी गेलं नाही. इतका राग आला मला त्या म्हाताऱ्यांचा! आषाढात एका पहाटे तुळई छताला घेऊन खाली आली. आत कुणी नव्हतं एवढंच नशीब. पालिकेनं दाराला फळ्या ठोकल्या, वर्षभरात गाळे उभे राहिले.

अण्णा सकाळी तसेच काठी घेऊन निघायचे. कुठं बसता विचारलं तर म्हणायचे, हाय की जागा. मला ते खरं वाटेना. दुकानाच्या पायरीवर बसलं तर गिऱ्हाईक अडतं, आणि देवळाचं दार दुपारी बंद.

दिवाळीनंतर धाकट्या मुलीचा खोकला हटेना म्हणून मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. रांगेच्या बाकावर अण्णा बसलेले. काय होतंय, घरी का नाही सांगितलं, मी विचारत सुटले. कंपाउंडर हसून म्हणाला, "आजोबांना काही झालेलं नाही. रोज येतात, पाळी आली की मागच्याला पुढं सोडतात."

अण्णांनी मान खाली घातली.

"हितं कुणी ऊठ म्हणत न्हाय गं, पोरी."

मला रडू आलं आणि रागही आला, पण तो काढू कुणावर? चला घरी, असं म्हणायला मी तोंड उघडलं. घरी माग चालू होता. मुलीचं औषध घेतलं, अण्णांना म्हटलं, "सांजच्याला लवकर या, गरम भाकरी वाढते," आणि त्यांना तिथंच बसवून मी निघाले.