बाबांची कोंबडी

कूलरच्या नव्या वाळ्यावर पाणी पडलं, वास सुटला, अन् मी थेट अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या दुपारी पोचले. ताईला पाहायला अंजनगावचे पाहुणे आले होते. ऊन असं, की घड्याळाचे काटेही घामानं घसरत होते.

बाबांचा कोंबडीचा जोक आम्ही लाखभर वेळा तरी ऐकला होता. आईनं दम दिला होता, "आज तो सांगितला तं पाहा!" बाबा ओठ दाबून टमाटरासारखे लाल झाले होते.

ताईनं सरबताचा ट्रे ठेवला अन् तोच जोक सांगून टाकला, "आमच्या अकोल्यात उन्हाळ्यात कोंबड्या उकडलेलेच अंडे देतात."

आईनं डोळे मिटले.

मुलाचे वडील बाबांकडे वळले, "आमच्या इकडं तं तिखट-मीठ लावूनच देतेत, भाऊ!"

तेव्हा वाटलं, ताईची जीभ घसरली. आता कळतं, तिनं ठरवूनच ठेवलं होतं. ज्या घरी बाबांना गप्प बसावं लागेल, तिथं ती नांदायला जाणारच नव्हती.