तात्यांचा घाणेरीचा काढा

"दम असंल तर एक पेला पिऊन दाव," मी सुन्याला म्हणलो, आणि त्यो खुळ्या खरंच प्याला की! घाणेरीचा काढा हुता. बांधावरचं ते झुडूप, शेळी बी तोंड लावत न्हाई. सुन्याला दवाखान्यात सलाईन लागलं. डोळं उघडून पयलं काय म्हणला? "पैज जिंकली न्हवं?"

आमच्या गडमुडशिंगीच्या घरातलं असलं लई हाय. एक सांगाय गेलं की मागनं चार येत्यात. तात्या म्हंजे माझं चुलतं, सुन्या त्यांचा पोरगा. त्या साली सोयाबीनवर तांबेरा आलता. पानाखाली गंजासारखी पूड, बघता बघता रान वाळायचं. तात्या शेतीमेळाव्याला गेलतं, तिथनं खूळ घिऊन आलं. "दुकानातलं औषध बंद! घाणेरी उकळायची आन् फवारायची!"

*

उकळाय घेतलं काकीचं पुरणाचं पातेलं. किती घासलं तरी वास जाईना. सणाला पावणं जेवाय आलं, पयल्याच घासाला त्यांचं तोंड वाकडं.

"वैनी, पुरणात काय घातलंय?"

काकीच्या आधी तात्याच बोललं, "खावा पावणं! तुमच्या पोटात आता तांबेरा हुयाचा न्हाई!"

*

पंपाचं नोझल तुंबलं. सुन्यानं तोंडात धरून ओढलं. परत दवाखाना! डॉक्टर म्हणलं, "तुला पास काढून दिऊ का रं?"

*

पर काढा लागू पडला! शेजारची रानं तांबडी, आमचं हिरवंगार. आधी तात्यांस्नी हसणारी माणसं आता कॅन घिऊन दारात हुबी. गावातल्या शिरपाअण्णानं तर दुकानातनं आणलेलं औषध माघारी दिलं आन् घरी काढा उकळून मारला. त्याच्या पोरीची नर्सिंगची फी त्याच सोयाबीनवर हुती.

*

शिरपाअण्णाचं रान गेलं. शेंग फोडली तर आत दाणाच न्हाई. पोरगी नर्सिंग सोडून एमआयडीसीत पॅकिंगला जायाला लागली.

अण्णा आमच्या सोप्यात येऊन बसला. वरडला न्हाई, शिवी दिली न्हाई.

"तात्या, काढा त्योच. मग तुझंच कसं वाचलं?"

"तू नीट उकळला नसशील," तात्या म्हणलं.

आत काकी भाकरी थापत हुती. थापायची थांबली.

"अण्णा, तुमी नीटच उकळलासा. आमच्यात दुकानातलं औषध मारलंतं. मी मारलं, ह्ये बाजारला गेल्यावर."

तात्यांनी वळून आत बघितलं. "का गं?"

"गाव हसत हुतं की तुमास्नी."