एका थेंबातलं रान

गवती चहा चुरगळला की मला जळकोटच्या घरातली ती सकाळ आठवते. गाडीभर गवती चहा उकळून निघालेलं बाटलीभर तेल सुनेनं साबणात घालायला आणलं होतं. मला काय, तेल ते तेल! तान्ह्या नातीला मालीश करायला मी ते तळहातावर भसकन ओतलं. सून ओरडली, "आत्याबाई, लेकराला लावू नका, पोळंल!" तोवर माझाच तळवा चुरचुरायला लागला. मी पाण्याकडं पळाले, तर म्हणते, "पाणी न्हाय, करडईचं तेल चोळा." चोळलं, तशी आग निवली. मग तिनं वाटीभर करडईच्या तेलात एकच थेंब टाकून दाखवला, अन् अख्खं घर दरवळलं. बाई गं, एवढं रान एका थेंबात! आज नात स्वतः थेंब मोजून साबण करते. मी मात्र ती चिमुकली बाटली अजून दोन्ही हातांनी उचलते.