जरीपटक्यातलं पुणं

आमची प्राची सात महिने पुण्याला होती आणि त्या सात महिन्यांत तिने एकदाही नागपूर सोडलं नाही.

ती राहत होती नागपुरातल्याच जरीपटक्यात, एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत. वय चोवीस, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, घरात भांडण नाही, बाहेर प्रेमप्रकरण नाही (हे आम्ही सगळ्या बाजूंनी तपासलं). एका रविवारी जेवता जेवता तिने सांगितलं, "बाबा, मले एकदा पाहायचं आहे, आजूबाजूला तुम्ही कोणी नसले तर मी कशी राहते."

मी म्हणालो, घरात तुझी स्वतंत्र खोली आहे की.

"त्या खोलीत तुमचा इस्त्रीचा टेबल आहे, आईच्या गव्हाच्या कोठ्या आहेत, अन् मधात मी आहे."

मग मी परवानगी दिली. (ती कोणी मागितली नव्हती, ही गोष्ट वेगळी.)

सामान न्यायच्या दिवशी मी स्कूटरवर गादी बांधत होतो आणि शेजारचे राऊतभाऊ नेमके फाटकात उभे. प्राची कुठं चालली, असं त्यांनी सहज विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "पुण्याले. नोकरी लागली."

आमच्या मनीषनगरात मुलगी पुण्याला गेली तर ती प्रगती असते आणि जरीपटक्याला गेली तर बातमी. एवढाच विचार मी केला. स्कूटरवर गादी बांधून पुण्याला कोणी जात नाही, हे मला चौक ओलांडल्यावर सुचलं.

मग त्या पुण्याला रोज खतपाणी घालावं लागलं. राऊतभाऊ तिकडच्या पावसाची चौकशी करत, म्हणून मी सकाळी आधी पुण्याचं हवामान पाहू लागलो. बायकोने मला बजावलं होतं, की तुमचं खोटं तुम्हीच सांभाळा. पण एकदा राऊतवहिनींनी ओट्यावर गाठलं आणि तीही बोलून बसली, की प्राचीला तिथलं पाणी मानवलं. हिवाळ्यात वहिनींनी मुगवड्यांचा डबा दिला, पुण्याला पाठवा म्हणून. तो घेऊन मी जरीपटक्याला गेलो.

प्राचीने भिंतीला फळी स्वतः ठोकली होती. थोडी तिरपी होती, पण मी बोललो नाही. तिने माझ्यापुरता चहा टाकला. तू का घेत नाहीस, विचारलं तर म्हणाली, "मले चहा आवडतच नाही, बाबा. इथं आल्यावर समजलं."

चोवीस वर्षांपैकी निदान पंधरा वर्षं आम्ही या मुलीला दिवसातून दोनदा चहा पाजला होता. आणखी काय काय आवडत नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. निघताना तिने सांगितलं, की पहिले आठ दिवस ती दाराला खुर्ची लावून झोपायची. आम्हाला फोनवर मात्र रोज "मस्त आहे" सांगायची. आता खुर्ची लागत नाही, म्हणाली. मी जिना उतरलो आणि स्कूटर सुरू न करता बराच वेळ तसाच बसून राहिलो.

पुढे राऊतांच्या मुलाचा साखरपुडा ठरला. प्राचीला बोलवाच, असा आग्रह झाला. तिला स्टेशनवरून आणायला राऊतभाऊ स्वतःची कार काढून तयार! आता पुण्याहून कोणीतरी उतरणं भाग होतं. मी प्राचीला फोन करून योजना समजावली: प्लॅटफॉर्मवर जाऊन थांब, पुण्याची ट्रेन आली की गर्दीत मिसळून बाहेर ये, बॅग जड दिसू दे.

तिने योजना शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाली, "मी चोरी नाही करून राहिली, बाबा. तुम्ही काहून लपवता मले? मी घरी येईन तर जरीपटक्यातून येईन. नाहीतर नाही येणार, साखरपुड्याले बी नाही अन् त्याच्यानंतर बी नाही."

मी म्हणालो, एवढ्या वेळी ऐक. तिने फोन ठेवला.

ठरलेल्या दिवशी सकाळी राऊतभाऊंसोबत स्टेशनबाहेर उभा राहिलो. ट्रेन तीन तास लेट होती. ते ऐकून मला हायसं वाटलं, कारण प्राची येणारच नाही असं मी धरून चाललो होतो आणि तीन तासांत एखादं नवं खोटं सुचलं असतं. तेवढ्यात ती समोरून आली, रस्त्याच्या बाजूने, हातात फक्त पर्स.

राऊतभाऊंनी घड्याळ पाहिलं, स्टेशन पाहिलं, मग तिला पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. ती काहीच बोलणार नव्हती, बोलायचं मला होतं. मुलगी घरी यायची की नाही, ते माझ्या पुढच्या वाक्यावर होतं.

"राऊतभाऊ," मी म्हणालो, "प्राची पुण्याले गेलीच नाही. जरीपटक्यात राहते. एकटी, तिच्या मर्जीनं. मलेच सांगायची लाज वाटली."

राऊतभाऊंनी खिशातून किल्ली काढली. मग त्यांनी कारचं पुढचं दार तिच्यासाठी उघडलं आणि विचारलं, जरीपटक्यात पाणी बराबर येते का. येते काका, म्हणून ती बसली. मी मागे बसलो.

अर्ध्या रस्त्यात त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "पोरीचं समजलं गा. तुम्ही तरी मनीषनगरातच राहता ना?"

मी हो म्हणालो. त्यांनी खात्रीसाठी प्राचीला विचारलं.